इंद्रियांवर विश्वास ठेवावा का, आणि मन शरीरापासून वेगळं आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे: निफाडकडच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी थंडीत पहाटे कोमट लागतं आणि मे महिन्यात भर दुपारी गार. मग कातडी खरं सांगते की खोटं? आणि फसणारं शरीर नि ती फसगत ओळखणारं मन, या दोन वेगळ्या वस्तू मानायच्या का?

विहिरीपासूनच सुरू करतो. खोल विहिरीच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही. बदलते ती हवा, आणि हवेबरोबर तुमची कातडी. निफाडला थंडीच्या लाटेत पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, मे महिन्यात दुपारी चाळिशीला टेकतो. कातडीला ‘पाणी किती अंश’ हे कळतच नाही. आत्ता मी आहे त्यापेक्षा हे गरम की गार, आणि उष्णता किती वेगाने येते-जाते, एवढंच तिला कळतं. त्या प्रश्नाचं उत्तर तिने दोन्ही वेळा बरोबर दिलंय. आपण तिला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर समजून बसलो.

घरी पडताळून बघा. तीन मोठी पातेली घ्या: एकात सुमारे १५ अंशांचं पाणी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात ४०. डावा हात गार पाण्यात आणि उजवा गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, मग दोन्ही हात एकदमच मधल्या पातेल्यात घाला. एकच पाणी डाव्या हाताला गरम लागेल, उजव्याला गार. हा प्रयोग फसतो तो बहुधा दोन कारणांनी. लोक हात दहा-पंधरा सेकंदांतच काढतात, किंवा एक हात आधी आणि दुसरा मागून घालतात. मधुमेहामुळे हातांना बधिरपणा असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. गरम पाणी भाजेपर्यंत त्यांना कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: इंद्रियं तुलनेला पक्की असतात, मापाला कच्ची. आणि आपली उपकरणं इंद्रियांची जागा घेत नाहीत, ती मापाचा प्रश्न तुलनेच्या प्रश्नात बदलून देतात.

याचं चांगलं उदाहरण नाशिकच्या प्रत्येक द्राक्षबागेत सापडतं. माल काढायच्या आधी बागायतदार मणी चाखतो, पण व्यवहार ब्रिक्सवर करतो. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात सुमारे १८ ग्रॅम विरघळलेला घन भाग, आणि त्यात बहुतांश साखर. जिभेला हा आकडा का सांगता येत नाही? आंबटपणा जास्त असेल तर तितकीच साखर कमी गोड लागते. थंड मणी कमी गोड लागतो. आणि आधी पेढा खाल्ला असेल तर चांगलं द्राक्षही आंबट लागतं. ब्रिक्स मीटरच्या काचेवर रसाचे दोन-तीन थेंब टाकून झाकण लावलं आणि उजेडाकडे धरलं की निळ्या-पांढऱ्या भागांमधली रेघ दिसते. साखर जास्त तितका प्रकाश जास्त वळतो आणि रेघ तितकी वर सरकते. काठी पाण्यात वाकडी दिसते तेही प्रकाश वळल्यामुळेच! इंद्रियं फसवतात याचा पुरावा म्हणून जे उदाहरण हजारो वर्षं दिलं गेलं, त्याच वळण्यावर हे यंत्र चालतं. वाकडी काठी ही डोळ्याची चूक नव्हे, पाण्याबद्दलची खरी माहिती आहे. वाचता आली पाहिजे.

आणि शेवटी ती रेघ बघतो कोण? डोळाच. ‘किती गोड?’ हा अवघड प्रश्न यंत्राने ‘रेघ कोणत्या खुणेशी आहे?’ असा सोपा करून दिला. यंत्रही चुकतं. ते २० अंशांना जुळवलेलं असतं, म्हणून तापमान-भरपाई नसलेलं मीटर दुपारच्या ३५ अंशांत साधारण एक ब्रिक्स कमी दाखवतं. वापरायच्या आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्य तपासावा लागतो. काचेवर आधीचा रस वाळून राहिला असेल तर पुढची सगळी मापं बिघडतात. एकाच घडातले सगळे मणीही सारखे पिकलेले नसतात, म्हणून अनेक घडांतले वरचे, मधले, खालचे मणी एकत्र चुरडून रस घ्यायचा.

आता मन कुठे शिरतं ते बघा. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. नाक बिघडलेलं नव्हतं. नाकाचा निरोप पोचायच्या आधी डोळ्याने निकाल देऊन टाकला होता.

म्हणून चव खरंच ओळखता येते का हे बघायचं तर रंग आणि लेबल दोन्ही झाकावं लागतं. तीन सारखे कप घ्या, दोनांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. भरणारा एक आणि देणारा दुसरा हवा, नाहीतर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळतं. वेगळा कप कोणता ते सांगायचं, असं सहा वेळा करायचं. सहापैकी चार किंवा जास्त उत्तरं नुसत्या नशिबानेही शंभरात दहा वेळा बरोबर येतात. पाच किंवा सहा आली तर मात्र शंभरात दोनदाही नाही. चारवर खूश होणारे खूप भेटतात.

मिसळीचं उदाहरण मला त्याहून मोलाचं वाटतं. तिखट ही जिभेची चव नाही. मज्जातंतूंवरची जी ग्राहकप्रथिनं (संवेदना टिपणारी प्रथिनं) सुमारे ४३ अंशांच्या वर उष्णतेने उघडतात, तीच मिरचीतल्या कॅप्सेसिनने उघडतात. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली हे दाखवलं आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणून तर्री भाजल्यासारखी लागते, घामही खरा येतो, पण जीभ भाजलेली नसते. पोपट मिरची मजेत खातो, कारण पक्ष्यांचं ते प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग थांबत नाही आणि दह्याने थांबते. आता सांगा, ती आग मनात आहे की शरीरात? प्रश्नाची मांडणीच इथे मोडते.

सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं मानली. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३ साली त्याला पत्रातून विचारलं, की आकारमान नसलेलं मन शरीराला ढकलतं कसं? मला तरी त्याचं उत्तर कधी पटलेलं नाही. आपल्याकडे चार्वाकांनी उलट टोक धरलं: धान्यात नसलेली मदशक्ती किण्वामुळे (आंबवणाऱ्या विरजणामुळे) येते, तशी महाभूतांच्या मेळातून जाणीव येते. द्राक्षाच्या रसातही मद्य नसतं, यीस्ट साखरेचं मद्य करतं. दाखला सुंदर आहे, पण एका जागी तोकडा पडतो. मद्य किती झालं हे कोणीही मोजू शकतो. माझा दाढदुखीचा ठणका तुमच्या कोणत्याही मीटरवर दिसत नाही.

तरी मनाचं शरीरावर काय चालतं याचा पुरावा पक्का आहे. १९७८ साली अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की खोट्या औषधाने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलॉक्सोन दिल्यावर ते पुन्हा वाढलं. नॅलॉक्सोन अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखतं. म्हणजे ‘औषध मिळालं’ या समजुतीने शरीरातली स्वतःची अफूसारखी वेदनाशामकं सुटली होती. यावरून कोणाला ‘तुझं दुखणं मनाचं आहे’ म्हणणं हा अन्याय आहे, कारण ते कमी होणंही रसायनांतूनच घडलं. उलट दुसरी चूकही करू नका: श्रद्धेने दुखणं, मळमळ हलकी होते, पण गाठ वितळत नाही. तपासणी टाळायला ही सबब चालणार नाही.

दुखण्याला मीटर नाही, म्हणून डॉक्टर शून्य ते दहा असा आकडा विचारतात. तुमचा सहा आणि शेजाऱ्याचा सहा यांची तुलना करता येत नाही. पण तुमचा कालचा सहा आणि आजचा चार यांची येते. जुनी कंबरदुखी असेल तर रोज एकाच वेळी, एकाच स्थितीत, म्हणजे समजा उठल्यावर दहा मिनिटं चालून झाल्यावर, आकडा लिहा आणि कालचं पान न बघता लिहा. झोप किती झाली आणि गोळी घेतली का, तेही शेजारी टिपा. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवलीत तर ‘बरंच दुखतं’ या दोन शब्दांपेक्षा त्यांना कितीतरी जास्त कळेल.