गुडघा बदलला, पण रात्रीची कळ जाईना

प्रश्न : आईचा गुडघा बदलून 3 आठवडे झाले. रात्री कळा येतात. सवय लागेल म्हणून ती गोळी घेत नाही, व्यायामही टाळते.

उत्तर : या टप्प्यावर रात्रीची कळ नेहमीचीच. व्यायाम बुडाला तर सांधा आखडेल, त्याची मला जास्त काळजी. पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेत व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास द्या. शेजारणीची ‘जालीम’ गोळी मात्र नको. व्यायामानंतर पंच्यात गुंडाळून 15-20 मिनिटं बर्फ. आणि गुडघ्याखाली उशी असेल तर आधी काढा! माझ्याकडच्या बहुतेक आज्या तशाच झोपतात. बरं वाटतं, पण पाय सरळ होत नाही. उशी टाचेखाली हवी. पोटरी सुजून दुखली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा.