आजार घरात आणला कोणी?

"मॅडम, माझ्यामुळेच गेलं ना आमचं माणूस?"

कोरोनानंतर हा प्रश्न मी किती जणांकडून ऐकला, मोजदाद नाही. बँकेतले गृहस्थ, नर्स, मार्केट यार्डातला हमाल, कॉलेजातला मुलगा. मी त्या लग्नाला गेलो नसतो तर. दोन दिवस आधी दवाखान्यात हलवलं असतं तर. वर्षं उलटली तरी हा 'तर' काही सुटत नाही. याला एका वाक्याचं उत्तर आहे, आणि ते देऊन मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले आहे. ती गोष्ट सांगते. घरातल्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२२ चा पावसाळा. पुण्यात कासेवाडीच्या बाजूला एका समाजमंदिरात मी समुपदेशनासाठी आठवड्यातून एक दुपार बसायचे. तिथे एक बाई आल्या. धुणीभांडी करणाऱ्या, नवरा रिक्षावाला, एक मुलगी, एक मुलगा. इथे त्यांना नुसतं ताई म्हणते. तक्रार मुलीची होती. "सतरा वर्षांची घोडी झालीय, पण दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलंना. तोंडाकडं बघत पण नाही."

मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. २०२१ साली परीक्षाच न होता दहावी पास झालेल्यांपैकी ती एक. गल्लीतली पोरं त्यांना 'कोरोना पास' म्हणायची. अकरावीला तिने नाव घातलंच नाही. घरात मोबाइल एक, तो दिवसभर बापाच्या खिशात, आणि संध्याकाळी हातात आला की आधी धाकट्या भावाला, कारण त्याचा तास महत्त्वाचा. हे सगळं ताईंनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, चला, अभ्यास सुटल्याचा राग आहे. शाळा सुटलेल्या मुलींची अशी कितीतरी प्रकरणं त्या वर्षी येत होती.

पण बोलताना माझी नजर ताईंच्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. विचारलं तर म्हणाल्या, दिवसातून पंधरा-वीस वेळा हात धुते. चप्पल अजून दाराबाहेर. शाळेतून आलेल्या मुलाला आधी मोरीत, मग घरात. बाकी गल्लीने मास्क कधीच सोडले होते.

"आत्या गेल्या ना कोरोनात," त्या म्हणाल्या. आत्या म्हणजे सासूबाई.

मग सगळं बाहेर आलं. एप्रिल २०२० मध्ये भवानी पेठेच्या बाजूच्या गल्ल्यांना पत्रे ठोकले, रिक्षा बंद, ताईंची चारही कामं बंद. सोसायटीच्या गेटवर पाटी: घरकाम करणाऱ्या महिलांना प्रवेश नाही. रेशनचा तांदूळ मिळत होता, पण बचत गटाचा हप्ता तांदळाने भरता येत नाही. जूनमध्ये एका बंगल्यातून फोन आला, मागच्या दाराने या. ताई गेल्या. जुलैत पुण्यात पुन्हा दहा दिवसांचं कडक लॉकडाऊन लागलं, त्याच सुमारास आत्यांना खोकला सुरू झाला. बेडसाठी रात्रभर फिराफिर. शेवटी रुग्णवाहिका घेऊन गेली, ती शेवटची भेट. अंत्यसंस्कार महापालिकेच्या माणसांनी उरकले. घरातले सगळे तेव्हा विलगीकरणात, त्यामुळे ना दहावं, ना तेरावं. परत आल्यावर नवरा एकच वाक्य बोलला: "तू कामाला गेलीस म्हणून आई गेली." पुन्हा कधी त्याने ते उच्चारलं नाही. गरजच नव्हती.

आणि इथे मी ते एका वाक्याचं उत्तर दिलं. "ताई, यात तुमचा काही दोष नाही."

त्यांनी मान डोलावली, पदराने डोळे पुसले, आणि पुढचे तीन आठवडे फिरकल्या नाहीत.

आपण सगळेच हे वाक्य बोलतो, आपल्याला ते मायेचं वाटतं. समोरच्याच्या कानाला ते 'आता हा विषय पुरे' असं लागतं. शिवाय अपराधीपणाचं एक काम असतं. चूक माझी होती असं म्हटलं की घडलेल्याला निदान कारण मिळतं. ती नव्हती म्हटलं, तर मग चांगलं चालतंबोलतं माणूस उगाचच गेलं असं होतं, आणि ते पचवणं जास्त अवघड. एका फटक्यात मी त्यांच्या हातातली काठी काढून घेतली होती. बसायला पाट न देता.

चौथ्या आठवड्यात मुलगी एकटी आली.

पायरीवरच बसून बोलली. जुलै २०२० मध्ये ती दोन गल्ल्या सोडून मैत्रिणीकडे जायची, तिच्या मोबाइलवर तास बघायला. एके दिवशी अंग तापलं, घसा दुखला. कोणाला सांगितलं नाही. शेजारच्या काकांना पीपीई किट घातलेली माणसं घेऊन गेली होती, ते तिने पाहिलं होतं. आपल्यालाही एकटीला नेतील ही भीती. दोन दिवसांत ताप उतरला. पण त्या दोन्ही रात्री आजीला हात धरून सार्वजनिक संडासात तीच घेऊन गेली होती. रांगेत आजी तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहायची.

"मम्मीला वाटतं तिच्यामुळं झालं. मला माहितीय माझ्यामुळं. मग मी तिच्याकडं कसं बघू?"

ताईंना वाटत होतं, पोरगीसुद्धा मलाच दोषी धरते, म्हणून बघत नाही.

आता माझी पंचाईत बघा. एका वाक्यात आईची सुटका करता आली असती, आणि ते वाक्य माझं नव्हतं. मुलीने विश्वासाने सांगितलेलं आईच्या कानावर घालायचं नाही, हा आमच्या कामाचा पाया. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. तो आहे का, हे मी तिला सरळच विचारलं: जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट दडलेला असेल तर बाहेर यायला वाट मिळते. ती म्हणाली, "पहिल्या वर्षी वाटायचं. आता नाही." पुढचे कित्येक आठवडे मी ते पुन्हापुन्हा विचारत राहिले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची मोफत, चोवीस तासांची फोनसेवा सुरू झाली, तेव्हा १४४१६ हा त्या सेवेचा नंबर मुलीने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.

ताईंना निरोप धाडून बोलावलं. या वेळी 'दोष नाही' म्हटलं नाही. डब्यातले वीस शेंगदाणे ताटलीत ओतले. "आत्या गेल्या त्याला जे जे कारण असेल त्याच्या नावाने वाटा घाला. तुमचा वाटा शेवटी."

"सगळे माझेच," म्हणून त्यांनी ताटली स्वतःकडे ओढली.

"रात्रभर बेड मिळाला नाही, त्याला काहीच नाही?"

बऱ्याच वेळाने चार दाणे बाजूला सरकले. संडासाला तीन. आत्यांच्या साखरेला तीन. मग हात थांबला आणि आवाज चढला. "त्या बंगल्यातली बाई! तिचा नवरा खोकत होता आतल्या खोलीत. मला म्हणाली, धुळीची ॲलर्जी आहे." पाच दाणे जवळजवळ आपटलेच. दोन वर्षांत हा राग कुठे निघालाच नव्हता. तो धरायची ऐपत नव्हती, कारण त्याच बंगल्यात त्या अजूनही भांडी घासत होत्या. गरिबाघरी राग बहुधा असाच घरातल्या घरात वाटला जातो. जिच्यामुळे चूल पेटते तिच्यावर कसा काढणार?

मग मी आकडा सांगितला, आधी नाही. त्याच जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत रक्त तपासून सर्वेक्षण झालं होतं, लोहियानगर-कासेवाडी त्यात होतं. तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. म्हणजे दोघांत एकाला विषाणू गाठून गेला होता, आणि त्यातल्या कित्येकांना साधी शिंकही आली नव्हती. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस आजार पसरवू शकतो, लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चौदा दिवसही जाऊ शकतात. दहा बाय बाराची खोली, सगळ्या गल्लीचा एक संडास, पाण्याची एक रांग. त्यात आत्यांना नेमकं कोणी दिलं, हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही.

ताईंनी बाजूला काढलेले दाणे मोजले. त्यात आणखी तीन घातले, 'वस्तीचे' म्हणून. उरले दोन.

"हे दोन माझे. ऱ्हाऊ द्या."

मी राहू दिले. जबाबदारी शून्यावर आणायचा अट्टहास बरा नव्हे. दोन दाण्यांसकट माणूस जगू शकतं, विसांसकट नाही.

नवरा एकदाच आला, तोही कागदासाठी. कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजारांची मदत २०२१ मध्येच ठरली होती. यांनी अर्ज केलाच नव्हता. "आईच्या मढ्यावरचे पैसे खायचे का?" हे त्याचं म्हणणं. मी पैशांवर वाद घातला नाही, फक्त मृत्यूचा दाखला बघायला मागितला. तो ट्रंकेत तळाशी होता, दोन वर्षांत कोणी उघडून वाचलेला नव्हता. त्याने माझ्यासमोर वाचला, तारखेवर बोट ठेवून बसला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "तापाचे पॅसेंजर मी पण नेलेत. जूनमध्ये. डबल भाडं देत होते." आणि चहा प्यायला म्हणून जो उठला तो परत आलाच नाही. त्याच्या दारूबद्दल काही विचारायचं राहूनच गेलं.

म्हणजे एका खोलीत तीन माणसं, तिघांनाही मनातून खात्री की आजी आपल्यामुळे गेली, आणि तिघांची तोंडं तीन भिंतींकडे.

मुलीला मी कधी आग्रह केला नाही. एवढंच म्हटलं, सांगायचं ठरवलंस आणि मी तिथे बसलेली हवी असेन, तर बसेन. तिला मी लागलेच नाही. अर्जासाठी मायलेकी ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात तासभर बसल्या होत्या, तिथे ती बोलली. पुढच्या खेपेला ताईंनी सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? दोन धपाटे घातले. म्हटलं, अंगावर ताप काढलास? आईला सांगायचं नाही? तुला काही झालं असतं म्हणजे?" एवढं बोलून त्या रडायला लागल्या. माझ्यासमोर एवढ्या मोठ्याने पहिल्यांदाच.

सर्वपित्रीला त्यांनी आत्यांच्या नावाने पान वाढलं. चप्पल त्यानंतरही बाहेरच असायची, पण हात धुणं सहा-सात वेळांवर आलं. मुलीने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं. नवऱ्याचं पिणं होतं तसंच आहे.

भिंतीवर लावायला आत्यांचा फोटो नव्हता, आधार कार्डावरचा तेवढा होता. मुलीने तोच मोठा करून आणला. आत्या त्यात कॅमेऱ्यावर खेकसल्यासारख्या दिसतात. मी शेवटची गेले तेव्हा तो टीव्हीच्या वर लावायचा की देवाच्या फळीशेजारी, यावर मायलेकींचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. नवरा खुर्चीवर हातोडी घेऊन उभा होता. "एकदा ठरवा," तो म्हणाला, "माझे पाय दुखतायत."