आत्याची सही मागू नकोस

प्रिय मुली,

पर्यावरण अभियांत्रिकीच्या एम.टेक.साठी तुला पवईच्या आयआयटीत जागा मिळाली आहे, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठानेही एम.एस्सी.ला प्रवेश दिला आहे आणि कुठे जावे हे तू विचारले आहेस. चार पानी पत्रात क्रमवारी, व्हिसा, तिकडचे पगार असे सारे सविस्तर लिहून तिसऱ्या पानावर एक वाक्य तू घाईने उरकले आहेस : ‘पस्तीस लाखांच्या कर्जाला घर तारण द्यायचे आहे, आजोबांच्या पश्चात घराला आत्याचेही नाव लागले आहे, पण ती कधी नाही म्हणत नाही.’

त्याच घराच्या खालच्या खोलीत ही आत्या ब्लाउज शिवून पोट भरते, हेही तूच लिहिले आहेस. जी बाई कधी नाही म्हणत नाही, तिला विचारले असे म्हणताच येत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ते सुरू होत नसले तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते, आणि हप्ते थकले तर 2002च्या सरफेसी कायद्याने बँक कोर्टात न जाताही तारण घराचा ताबा घेऊ शकते, हे तिला कुणी समजावून सांगितले आहे का? तुझा इंग्लंडमधला अभ्यासक्रम एका वर्षाचा. त्यानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा व्हिसा 1 जानेवारी 2027पासून अर्ज करणाऱ्यांना दोनऐवजी दीडच वर्षाचा मिळणार आहे. तेवढ्यात नोकरी लागली नाही, तर शिवणयंत्र घेऊन आत्याने कुठे जायचे?

बाबा तुझ्यासाठी जिवाचे रान करत आहेत, असे तू लिहितेस. करत असतील, पण बहिणीच्या डोक्यावरचे छप्पर गहाण टाकण्याचा अधिकार त्यांना त्यामुळे मिळत नाही, आणि या बाबतीत मला त्यांचे कौतुक करवत नाही.

तू पवईला जा. ‘गेट’ या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळालेल्या तुझ्या जागेला दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन आहे, म्हणजे तिथे घर तारण ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परदेशाची ओढ खरी असेल, तर एम.टेक. करून पीएच.डी.ला जा, युरोप-अमेरिकेत अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी शुल्क भरावे लागत नाही, उलट वेतन मिळते.

आज बाबांना स्पष्ट सांग, की बँकेचे कागद आत्यापुढे न्यायचे नाहीत. आणि पवईची जागा निश्चित करण्याची मुदत उलटण्याआधी पैसे भरून टाक.