फोनवरच्या व्हीपीएनसाठी (इंटरनेटवरची कूटबद्ध, खासगी जोडणी) वायरगार्ड, ओपनव्हीपीएन की आयकेईव्ही२, कुठला प्रोटोकॉल (जोडणीची पद्धत) ठेवावा?

वायरगार्डच ठेवा, तो अडला तरच ओपनव्हीपीएन. वायरगार्डचा कोड जेमतेम ४,००० ओळींचा, २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच (लिनक्स प्रणालीच्या गाभ्यातच) आहे, आणि वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेलात तरी जोडणी टिकते. अडचण एकच: तो फक्त यूडीपीवर (पोच न घेता डेटा पाठवायची पद्धत) चालतो. नेटवर्कने यूडीपी अडवलं असेल तर ॲपमध्ये 'चालू' दिसतं, पण आलेला डेटा शून्यच राहतो. अशा वेळी ओपनव्हीपीएन टीसीपी ४४३ वर (सुरक्षित वेबसाइट वापरतात तीच वाट) लावा. वेग पडेल, पण बहुतेकदा वाट मिळते. जोडणी होते पण पानं अर्धवट उघडतात? मग वायरगार्डचा एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाची कमाल मर्यादा, बाइटमध्ये) १४२० वरून १२८० करून बघा. वेगळं ॲप टाकायचंच नसेल तर आयकेईव्ही२ बरा, आयफोनमध्ये तो आधीपासून असतो. जुना पीपीटीपी प्रोटोकॉल मात्र दिसला तरी निवडू नका, त्याची पासवर्ड तपासायची पद्धत २०१२ मध्येच पुरती फोडली गेली आहे.