'शी लेड' की 'शी ले'?

प्रश्न : मुलीने इंग्रजी निबंधात 'शी लेड ऑन द बेड' असे लिहिले होते. बाईंनी ते खोडून 'शी ले ऑन द बेड' केले. पण 'ले' हा तर वर्तमानकाळ ना? 'राइझ' आणि 'रेझ' यांतही तिचा असाच गोंधळ होतो.

उत्तर : बाईंचेच बरोबर आहे. ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. आडवे होणे, पडून राहणे यासाठी 'लाय', आणि त्याची रूपे लाय, ले, लेन. वस्तू ठेवणे, अंथरणे यासाठी 'ले', आणि त्याची रूपे ले, लेड, लेड. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचे मूळ रूप उच्चारात व स्पेलिंगमध्ये अगदी सारखे आहे. सारा घोळ इथेच होतो.

यांचे नाते आपल्या पडणे-पाडणे, बसणे-बसवणे या जोड्यांसारखे आहे: एक अकर्मक, दुसरे सकर्मक. म्हणून मुलीला आधी 'काय ठेवले?' असे विचारायला सांगा. 'शी लेड द बुक ऑन द टेबल' : पुस्तक ठेवले, म्हणून 'लेड'. पलंगाच्या वाक्यात काहीच ठेवलेले नाही, ती स्वतःच आडवी झाली, म्हणून 'ले'. कर्मणी प्रयोगात मात्र मुले फसतात. 'द फाउंडेशन वॉज लेड' या वाक्यात क्रियापदानंतर कर्म दिसत नाही, कारण ते कर्त्याच्या जागी, वाक्याच्या सुरुवातीला गेलेले असते.

काळ ओळखायला 'शी' किंवा 'ही' पुढचे रूप पाहावे. साध्या होकारार्थी वाक्यात वर्तमानकाळ असता तर 'लेज' झाले असते. शेवटी 'एस' नाही, म्हणजे भूतकाळ.

खोटे बोलणे या अर्थाचा 'लाय' तिसराच. त्याचा भूतकाळ 'लाइड'. 'ही लाइड ऑन द सोफा' म्हटले तर तो सोफ्यावर बसून खोटे बोलला असा अर्थ होईल!

'राइझ' आणि 'रेझ' त्यामानाने सोपे, कारण त्यांची रूपे एकमेकांत मिसळत नाहीत: राइझ, रोझ, रिझन आणि रेझ, रेझ्ड, रेझ्ड. भाव आपोआप चढले तर 'प्रायसेस रोझ'. दुकानदाराने चढवले तर 'ही रेझ्ड द प्रायसेस'. वर्गात हात वर करायचा तो 'रेझ'च.

स्पेलिंगही तपासा. 'लेड' हे 'पेड'सारखे एल-ए-आय-डी. 'वाय'ला 'ईडी' जोडू नये. 'लाय'ला 'आयएनजी' लावताना मात्र 'आयई' जाऊन 'वाय' येतो. आणि 'लेन' बोलण्यात क्वचितच ऐकू येत असले, तरी उत्तरपत्रिकेत 'हॅज'नंतर तेच लिहावे: 'शी हॅज लेन इन बेड ऑल डे'.