गाडीच्या एसीवर फॅरनहाइटऐवजी सेल्सिअस कसं आणायचं?

प्रश्न असा आहे: नुकतेच न्यू जर्सीला आलो, ऑटो एसी असलेली जुनी ह्युंदाई इलँट्रा घेतली. एसीवर ७२, ६८ असे आकडे दिसतात, काही अंदाजच येत नाही. सेल्सिअस कसं करायचं? आणि ते केलं तर मैलांचे किलोमीटर होतील का?

बटणांचा ऑटो एसी असलेल्या जुन्या ह्युंदाई आणि किया गाड्यांत हे काम एसीच्या पॅनेलवरच होतं, मेनूत शोधत बसू नका. किल्ली 'ऑन'वर घ्या. 'ऑफ'चं बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. ते दाबलेलं असतानाच दुसऱ्या बोटाने 'ऑटो' दाबा. दोन्ही तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ धरून ठेवा. ७२ च्या जागी २२ दिसलं की झालं. उलट, म्हणजे पुन्हा फॅरनहाइटवर जायचं असेल तरी हीच रीत.

बहुतेकांचं इथे क्रम चुकल्यामुळे अडतं. आधी 'ऑटो' दाबलं तर एसी नुसता ऑटोवर जातो. दोन्ही एकदम दाबायला गेलं तर कुठलं तरी एक आधी लागतं. म्हणून आधी 'ऑफ' घट्ट धरा, मगच दुसऱ्या बोटाने 'ऑटो' दाबा. 'ऑफ' दाबताच पंखा बंद पडेल, तो पडणारच, तेवढ्याने हात काढू नका. आकडा बदलला की 'ऑटो' एकदा दाबून एसी पुन्हा सुरू करा. अर्थात, तुमच्या मॉडेलला आकडेच नसतील, नुसती निळ्या-लाल पट्टीची गोल खुंटी असेल, तर एसीत बदलण्यासारखं काही नाही.

नंतरच्या ह्युंदाई-कियांत हीच सोय मीटरमध्येही आहे: स्टिअरिंगवरच्या बटणांनी 'युझर सेटिंग्ज'मध्ये जायचं आणि 'टेंपरेचर युनिट' निवडायचं. तिथून बदललं की मीटर आणि एसी दोन्हीकडे बदलतं. गाडी चालू असताना हा मेनू बरेचदा उघडत नाही. गिअर 'पी'वर (पार्क) टाका, हँडब्रेक लावा आणि मग बघा. टेस्लात 'कंट्रोल्स', मग 'डिस्प्ले', तिथे तापमानाचं युनिट वेगळं मिळतं.

आता किलोमीटरचं. 'ऑफ' आणि 'ऑटो'च्या रीतीने फक्त तापमान बदलतं, मैल तसेच राहतात. पण काही कंपन्यांच्या गाड्यांत 'मेट्रिक' असं एकच सेटिंग असतं आणि ते निवडलं की तापमानाबरोबर अंतर, सरासरी, आकड्यांत दिसणारा वेग, सगळंच बदलतं. तसली गाडी असेल तर तापमान फॅरनहाइटमध्येच राहू द्या, असं मी ठामपणे सांगेन. तिथल्या पाट्या मैलांच्या आहेत. ६५ ची पाटी बघून तुम्ही पडद्यावर ६५ ठेवलंत, पण ते किलोमीटर असले तर हायवेवर तुम्ही जेमतेम ताशी ४० मैलांनी चालला असाल आणि मागून ट्रक येत असेल. एसीचा आकडा कळावा म्हणून एवढी जोखीम घेऊ नये.

तसंही फॅरनहाइट डोक्यात बसवायला सोपं आहे. सेल्सिअसच्या दर पाचाला फॅरनहाइटचे नऊ. ३२ म्हणजे शून्य, ४१ म्हणजे ५, ५० म्हणजे १०, ५९ म्हणजे १५, ६८ म्हणजे २०, ७७ म्हणजे २५, ८६ म्हणजे ३०, ९५ म्हणजे ३५, आणि विदर्भातल्या उन्हाळ्याचे ४० म्हणजे १०४. एसीसाठी ६८ आणि ७७ एवढे दोन लक्षात ठेवले तरी पुरे, कारण बसायला बरं वाटतं ते त्यांच्याच मधे.

बदलल्यावर आकडे काटेकोर जुळत नाहीत म्हणून पॅनेल बिघडलं असं समजू नका. एसी सेल्सिअसमध्ये अर्ध्या अंशाने सरकतो आणि फॅरनहाइटमध्ये एका अंशाने. खरं तर अर्धा अंश सेल्सिअस म्हणजे ०.९ फॅरनहाइट. पॅनेल तो एक धरतं, त्यामुळे इकडेतिकडे थोडा फरक पडतोच.

बॅटरी पूर्ण उतरली किंवा बदलताना तिची तार काढली, तर ही निवड पुसली जाऊन गाडी मूळ युनिटवर येऊ शकते. थंडीत तिकडे बॅटऱ्या बसतात, तेव्हा एखाद्या सकाळी पुन्हा ७२ दिसलं तर तेच तीन सेकंदांचं काम परत करा. दुरुस्तीला नेण्यासारखं त्यात काही नाही.

बाहेरच्या तापमानाचं मात्र वेगळं बघावं लागतं. ते मोजणारा सेन्सर पुढच्या बंपरच्या जाळीमागे असतो. सिग्नलला उभं असताना रस्त्याची आणि इंजिनाची धग लागून आकडा चढतो, गाडी पळू लागली की काही मिनिटांत खाली येतो. होंडात बाहेरचं तापमान 'अ‍ॅडजस्ट' करायचं एक सेटिंग सापडतं. त्याने युनिट बदलत नाही, दाखवलेल्या आकड्यात दोन-चार अंशांची भर किंवा घट होते. युनिट शोधताना लोक तेच फिरवून बसतात आणि मग बाहेरचं तापमान कायमचं चुकीचं दिसतं.

आणि बाहेर ऊन असताना पडद्यावर उणे ४० दिसलं, तर युनिट बदलून पाहू नका. उणे ४० हा एकच आकडा दोन्ही मोजपट्ट्यांवर सारखा आहे, त्यामुळे काहीही निवडलं तरी तोच दिसेल. सेन्सरची जोडणी सुटली आहे हाच त्याचा बहुधा अर्थ. हा सेन्सर जितका थंड तितका त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त. तार तुटली की रोध अमर्याद होतो आणि गाडीला वाटतं, बाहेर भयंकर थंडी आहे. बंपर काढून लावल्यानंतर सॉकेट बसवायचं राहून गेलं की हे हमखास होतं. सेन्सर सोडवून त्याच्या दोन पिनांना मल्टिमीटर (रोध मोजायचं उपकरण) लावा, रोध बघा, मग सेन्सर मुठीत धरा. हाताच्या उबेने आकडा हळूहळू उतरू लागला तर सेन्सर चांगला आहे, दोष सॉकेटात किंवा वायरीत शोधा. आकडाच आला नाही तर सेन्सर गेला, नवा घाला.