कुत्रीला पॅन्क्रिएटायटिस झालाय. दवाखान्यातून घरी आणल्यावर काळजी कशी घ्यायची?

तुमची लॅब्राडॉर नऊ वर्षांची, वजन 30 किलो. तीन दिवस सलाईन लावून आज घरी आणलीत. डॉक्टर म्हणाले थोडं थोडं खायला घाला, आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत पोटाला आराम हवा, दोन दिवस उपाशी ठेवा. ऐकायचं कुणाचं आणि हे दुखणं परत उलटणार का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: डॉक्टरांचं ऐका. मी स्वतः डॉक्टर नाही. आमच्या बाळूला (स्पिट्झ, 9 किलो) हे दोनदा होऊन गेलंय, आणि त्या काळात आमच्या डॉक्टरांना मी प्रश्न विचारून विचारून पिडलंय, तेवढ्यावर लिहितेय.

घरच्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही म्हणा. पूर्वी डॉक्टरही दोन-तीन दिवस तोंडाला कुलूप लावायला सांगायचे. पॅन्क्रिएटायटिस म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज. स्वादुपिंड पचनाचे रस बनवतं. ते रस आतड्यात पोचल्यावर जागे व्हायचे असतात. या आजारात ते स्वादुपिंडातच जागे होतात आणि त्यालाच पचवायला लागतात. मग अन्नच दिलं नाही तर रस सुटणार नाहीत, असा तो हिशोब होता. पण आतड्याच्या अस्तराला त्याच्यातून जाणाऱ्या अन्नातूनच पोषण मिळतं, रिकामं राहिलं की ते कमजोर होतं. म्हणून आता उलटी आटोक्यात आली की लगेच थोडं अन्न सुरू करतात. उलटी चालूच असेल तर मात्र घरी प्रयोग करू नका. उलटी आणि मळमळ थांबवणारी औषधं असतात, ती आधी.

आमचं काय झालं ते सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. आम्ही कोल्हापूरकडचे. गावची जत्रा होती. घरात तीस-चाळीस पानं उठली आणि बाळू पंगतीत फिरत होता. कुणी चरबीचा तुकडा टाकला, कुणी पांढऱ्या रश्श्यात भिजवलेली भाकरी. माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना आबा म्हणतो, नळी फोडून दिली. दुसऱ्या दिवशी तो पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग वर करून उभा राहायला लागला. आम्ही सगळे हसलो, जत्रेचा नमस्कार घालतोय म्हणून. कुणीतरी व्हिडिओपण काढला. पोटात कळ आली की कुत्री असं उभं राहतात हे संध्याकाळी कळलं, तोवर पिवळ्या पाण्याच्या सहा उलट्या झाल्या होत्या. तो व्हिडिओ मी अजून पाहू शकत नाही.

आमच्याकडे नेहमीच्या रक्ततपासणीत अमायलेज आणि लायपेज (पचनाच्या रसातली एन्झाइम) बघितलं. ते दोन्ही आकडे किडनीच्या किंवा आतड्याच्या दुखण्यातही वाढतात, आणि स्वादुपिंड सुजलेलं असूनही कधीकधी नॉर्मल येतात. कुत्र्यांच्या स्वादुपिंडातल्या लायपेजची वेगळी तपासणी असते, तिला सीपीएल म्हणतात. ती आमच्या गावात होत नव्हती, रक्त बाहेर पाठवावं लागलं. त्यात 200 पर्यंत ठीक, 400 च्या वर गेलं की पॅन्क्रिएटायटिसकडे बोट. पण तोही आकडा एकटा वाचायचा नाही, लक्षणं आणि सोनोग्राफी यांच्यासोबत वाचायचा. तुमच्याकडे निदान कशावरून केलं ते कागदावर बघून ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला लागेल.

आता खाणं. सगळा खेळ तेला-तुपाचा आहे. 1000 कॅलरींमागे साधारण 20 ग्रॅमच्या आत फॅट ठेवायचं, असा हिशोब आमच्या डॉक्टरांनी दिला होता. तुमच्या 30 किलोच्या कुत्रीला नुसतं पडून राहायला दिवसाला अंदाजे 900 कॅलरी लागतात, म्हणजे फॅट 18 ग्रॅमच्या आत. कातडी काढलेल्या चिकनच्या छातीचं मांस, उकडून 200 ग्रॅम, आणि मऊ शिजलेला भात 400 ग्रॅम, एवढ्यात साधारण 850 कॅलरी होतात आणि फॅट जेमतेम सात-आठ ग्रॅम. पण हे सगळं आज द्यायचं नाही. आज त्याचा एक तृतीयांश, तोही पाच-सहा वेळा विभागून, आणि उलटी नसेल तर तीन-चार दिवसांत पूर्ण मापावर न्या. मीठ, हळद, फोडणी काही नको. कांदा-लसूण तर कुत्र्यांना एरवीही विषारी. चिकन उकडलेलं पाणी फ्रीजमध्ये ठेवा, वर पांढरा थर गोठतो तो काढून टाका, आणि खालचं पाणी भातावर कोमट करून घाला. वास आला की नाक हलतं. बाळूने दोन दिवसांनी पहिला घास खाल्ला तो या पाण्यामुळेच.

खात नसेल तर सिरिंजने तोंडात ढकलू नका. मी ते केलं. अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते ती वेगळीच, पण त्यापेक्षा असं झालं की बाळू पुढे महिनाभर चिकनची वाटी दिसली की तोंड फिरवायचा. मळमळत असताना जे जबरदस्तीने खाऊ घालाल त्याच्यावरच त्यांचा राग बसतो. सलग दोन दिवस काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना नाकातून नळी घालण्याबद्दल विचारा. ऐकायला भयंकर वाटतं, पण जबरदस्तीपेक्षा बरं.

चिकन-भात हे दहा-पंधरा दिवसांचं काम. त्यात कॅल्शियम आणि बरंच काही नसतं, म्हणून पुढे कमी फॅटचं औषधी खाद्य किंवा डॉक्टरांनी बांधून दिलेली कृती. पाकिटावरचा आकडा वाचताना एक फसगत होते. डब्यातल्या ओल्या खाद्यावर फॅट 3 टक्के लिहिलेलं असतं आणि कोरड्या गोळ्यांच्या पिशवीवर 10 टक्के. डबा हलका वाटतो. पण डब्यात 78 टक्के पाणीच असेल तर उरलेल्या 22 मधले 3, म्हणजे जवळपास 14 टक्के फॅट झालं. गोळ्यांत पाणी 10 टक्के, म्हणजे 90 मधले 10, साधारण 11 टक्के. डबाच जड निघाला! शिवाय पाकिटावर बहुतेक वेळा ‘किमान’ फॅट छापलेलं असतं, प्रत्यक्षात जास्त असू शकतं.

औषधाच्या गोळ्या आम्ही आधी पेढ्यात घालून द्यायचो. आता उकडलेल्या लाल भोपळ्यात दाबून देतो, लहानशी असेल तर केळ्याच्या फोडीत.

दुखण्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, डॉक्टरही कधीकधी. कुत्रं रडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. पंखा चालू असताना धापा टाकणं, थरथरणं, जागा बदलत राहणं, पोट धरून उचललं की अंग ताठ करणं, हे सगळं दुखणंच. दुखणं कमी झालं की भूक लागते. म्हणून घरी द्यायला दुखण्याचं औषध लिहून दिलंय का ते कागदावर आजच बघा, नसेल तर फोन करून विचारा. आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अजिबात नाही, कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लावतात. अँटिबायोटिक लिहिलं असेल तर कशासाठी ते जरूर विचारा. कुत्र्यांत हा आजार बहुतेक वेळा जंतूंमुळे होत नाही.

आता अवघड भाग, तो म्हणजे घरातली माणसं. बाळूला दुसऱ्यांदा झालं ते चौदा महिन्यांनी, आणि तेव्हा ना जत्रा होती ना पाहुणे. आबा रोज सकाळी आपल्या चपातीचा शेवटचा घास त्याला देत होते. एकच घास. पण साजूक तुपात चोपडलेला. मी एकदा बसून हिशोब केला. बाळूला दिवसाला 400 कॅलरी लागतात, म्हणजे फॅटची मर्यादा 8 ग्रॅम. एका चमचाभर तुपात 5 ग्रॅम. आबांना मी आकडे दाखवले तर म्हणाले, “एवढ्याशा तुपाने काय होतंय, आम्ही गाभण म्हशीला पाव किलो घालतो.” भांडून उपयोग झाला नाही. मग एक युक्ती केली. सकाळी बाळूच्या मापातल्याच खाद्याच्या गोळ्या एका वाटीत काढून आबांच्या ताटाशेजारी ठेवायला लागले. घास त्यांच्या हातूनच, पण वाटीतला. आबांना द्यायला मिळतं, बाळूला आबांकडून मिळतं. तुमच्याकडे आई देत असतील, कामाला येणाऱ्या मावशी देत असतील, खालचे वॉचमन बिस्कीट देत असतील (लॅब्राडॉर आहे म्हणजे देतातच). त्यांना ‘देऊ नका’ म्हणण्याऐवजी काय द्यायचं ते हातात द्या. काकडीच्या चकत्या, उकडलेला भोपळा, तिच्याच खाद्याच्या गोळ्या. आणि कचऱ्याचा डबा झाकणाचा घ्या.

पुढच्या काही दिवसांत उलट्या परत सुरू झाल्या, उलटीत किंवा शीमध्ये रक्त दिसलं, पोट फुगलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा ती उठेनाशी झाली तर सकाळची वाट बघू नका. डोळ्यांचा पांढरा भाग किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या तरी तसंच. स्वादुपिंड सुजलं की शेजारची पित्तनलिका दाबली जाते, त्याने कावीळ होते. आणखी दोन गोष्टी महिन्या-वर्षांनी दिसू शकतात. खूप पाणी पिणं आणि खूप लघवी, म्हणजे मधुमेह तपासायचा. भरपूर खाऊनही वाळत जाणं आणि फिकट, तेलकट, ढीगभर शी, म्हणजे स्वादुपिंडाचे रसच कमी पडतायत. त्याला खाण्यात मिसळायची एन्झाइमची पावडर मिळते आणि कुत्री त्यावर चांगली जगतात.

परत होईल का? होऊ शकतं. काहींना एकदाच होऊन जातं, काहींना अधूनमधून उलटत राहतं. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत: फॅट, वजन आणि एक रक्ततपासणी. लॅब्राडॉर आहे, वजन जास्त असेल तर ते उतरवा, पण आत्ता नाही, पूर्ण सावरल्यावर. आणि महिन्याभराने बारा तास उपाशी ठेवून ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासा. (मोठी माणसं म्हणतात तसं उपाशी ठेवायची वेळ ती.) बाळूचे जास्त निघाले होते, तेव्हापासून त्याचं खाद्य कायमचं बदललं. आता दोन वर्षं झाली, उलटी नाही. जत्रेच्या दिवशी त्याला माझ्या माहेरी नेऊन ठेवतो.

आज रात्री तिला दर तीन तासांनी दोन-तीन चमचे भात देऊन बघा आणि किती खाल्लं, लघवी किती वेळा झाली ते वहीत लिहा. उद्या डॉक्टर पहिलं तेच विचारतील.